टीव्ही गाईडच्या ओपन सोर्स प्रोजेक्टला हातभार कसा लावायचा, सुरुवात आपल्या मराठी चॅनलपासून

कोडी, जेलीफिन, टीव्हीहेडएंड असले टीव्ही बघायचे-रेकॉर्ड करायचे प्रोग्रॅम घरी चालवणाऱ्यांचं एक ठरलेलं गाऱ्हाणं असतं, चॅनल लागतात, चित्र छान येतं, पण गाईड उघडलं की मराठी चॅनलच्या ओळी कोऱ्या. वरती हिंदी-इंग्रजी चॅनलचे आठवडाभराचे कार्यक्रम भरलेले आणि सोनी मराठी, सह्याद्रीसमोर नुसतं 'माहिती नाही'. कधी कधी त्याहून वाईट, माहिती असते पण भलत्याच चॅनलची, नाहीतर वेळ साडेपाच तासांनी चुकलेली. हे दुरुस्त करायला कुठल्या कंपनीच्या मागे लागायची गरज नाही. गाईड जिथून बनतं तो प्रोजेक्ट ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि त्यात हात घालायला प्रोग्रामर असायलाच पाहिजे असंही नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की तिथे कोड लिहिणारा माणूस कसाही मिळतो, पण 'झी २४ तास' मराठी आणि 'झी २४ घंटा' बंगाली हे बघताक्षणी सांगणारा माणूस मिळत नाही, आणि तो माणूस तुम्ही आहात.

मी बोलतोय ते गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाईटवरच्या आयपीटीव्ही-ऑर्ग या ग्रुपच्या ईपीजी नावाच्या रिपॉझिटरीबद्दल (रिपॉझिटरी म्हणजे प्रोजेक्टच्या सगळ्या फाईली ठेवलेली जागा). ईपीजी म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रोग्रॅम गाईड, टीव्हीवर रिमोटचं गाईड बटण दाबल्यावर जो तक्ता येतो तोच. हा प्रोजेक्ट चॅनल दाखवत नाही, तो फक्त वेळापत्रक गोळा करायची साधनं देतो. शेकडो वेबसाईटवर टीव्हीचं वेळापत्रक पडलेलं असतं, डीटीएचवाल्यांच्या, चॅनलच्या स्वतःच्या, लिस्टिंगवाल्यांच्या, त्या प्रत्येक साईटसाठी इथे एक छोटी स्क्रिप्ट लिहिलेली आहे. तिला ग्रॅबर म्हणतात. ती साईटवर जाते, कार्यक्रम उचलते आणि एक्सएमएलटीव्ही फॉरमॅटची एक फाईल बनवून देते, ती फाईल मग कोडी, जेलीफिन, टीव्हीहेडएंड सगळ्यांना वाचता येते.

एक्सएमएलटीव्ही हा फॉरमॅट वीस वर्षांहून जुना आहे आणि तोही लोकांनीच उभा केलेला. अमेरिकेत २००७ पर्यंत झॅप२इट लॅब्सकडून गाईडचा डेटा फुकट मिळायचा, तो बंद झाला तेव्हा मिथटीव्ही (टीव्ही रेकॉर्ड करायचा प्रोग्रॅम) आणि एक्सएमएलटीव्हीच्या मंडळींनी मिळून शेड्यूल्स डायरेक्ट ही ना-नफा संस्था काढली आणि वर्गणी भरून डेटा घ्यायची सोय केली. मराठी चॅनलसाठी मात्र साईटवरून वेळापत्रक उचलणं हाच त्यातल्या त्यात व्यवहारी रस्ता आहे, आणि साईट बदलली की ग्रॅबर मोडतो, म्हणून माणसं सतत लागतात.

आधी थोडी तयारी. गिटहबवर अकाउंट काढा, कॉम्प्युटरवर गिट (फाईलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) आणि नोड जेएस (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) टाका (नोडचं एलटीएस, म्हणजे जास्त काळ सांभाळलं जाणारं व्हर्जन घ्या, म्हणजे कटकट होत नाही). मग रिपॉझिटरीच्या पानावर फोर्क दाबा, म्हणजे तिची एक प्रत तुमच्या नावावर येते, ती प्रत क्लोन करून कॉम्प्युटरवर घ्या, टर्मिनलमध्ये त्या फोल्डरमध्ये जाऊन एनपीएम इन्स्टॉल ही कमांड चालवा (एनपीएम नोडबरोबरच येतं, ही कमांड प्रोजेक्टला लागणाऱ्या बाकीच्या गोष्टी उतरवून घेते). नेटच्या स्पीडप्रमाणे वेळ लागतो, लागू द्या. विंडोज असलं तरी हे सगळं चालतं.

आता ते फोल्डर उघडून बघा. त्यात साईट्स नावाचं एक फोल्डर आहे आणि त्याच्या आत प्रत्येक वेबसाईटच्या पत्त्याचं एकेक फोल्डर. त्यात मुख्य तीन फाईली. कॉन्फिग फाईल म्हणजे ग्रॅबर, म्हणजे कोड. चॅनल्स फाईल म्हणजे त्या साईटवर कुठले चॅनल आहेत त्याची यादी. आणि टेस्ट फाईल, ग्रॅबर नीट चालतोय का ते तपासायला. कोड येत नसेल तर कॉन्फिग आणि टेस्टकडे सध्या बघूच नका, चॅनल्सची फाईल उघडा, आपलं काम तिथे आहे.

या फाईलमध्ये एका ओळीला एक चॅनल असतो आणि त्या ओळीत थोड्याच गोष्टी असतात. साईटचं नाव, भाषेचा कोड, साईटवर त्या चॅनलला दिलेला आयडी (हा एखादा आकडा असतो नाहीतर काहीतरी विचित्र अक्षरं), चॅनलचं नाव जसं साईटवर आहे तसं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक्सएमएलटीव्ही आयडी. हा शेवटचा आयडी साऱ्या प्रोजेक्टमध्ये एकच असतो. साईट कुठलीही असो, तिचा स्वतःचा आकडा काहीही असो, झी मराठी म्हटलं की रोमन लिपीत स्पेस न देता चॅनलचं नाव, मग डॉट, मग भारताचा दोन अक्षरी कोड. अलीकडे त्याच्यापुढे ॲटचं चिन्ह देऊन फीडचं नावही लावतात, एसडी की एचडी वगैरे. तुमच्या प्लेलिस्टमध्ये (प्लेअरला दिलेली चॅनलची यादी) हाच आयडी असला की प्लेअर दोन्ही जोडून गाईड दाखवतो. आयडी कोरा असला किंवा चुकीचा असला की झालं, ग्रॅबरने माहिती आणली तरी ती चॅनलपाशी पोचत नाही.

कोऱ्या ओळी दिसण्याचं कारण बरेचदा हेच असतं. साईटवर मराठी चॅनल आहेत, ग्रॅबर चालतोय, कार्यक्रमही येतायत, फक्त त्या आयडीच्या अवतरणचिन्हांमध्ये काही भरलेलंच नाही कारण भरणाऱ्याला तो चॅनल कुठला ते कळलं नाही. विचार करा, फ्रान्स किंवा ब्राझीलमधला कुणीतरी भला माणूस भारतातल्या डीटीएचची यादी भरत बसलाय, त्याच्यासमोर 'प्रवाह पिक्चर' आणि 'स्टार प्रवाह' आले, 'झी टॉकीज' आणि 'झी चित्रमंदिर' आले, त्याने काय करायचं? तो ती ओळ सोडून देतो, आणि सोडून देतो तेच बरं करतो, अंदाजाने भरली असती तर आणखी घोळ झाला असता.

भरायला हातानेच टाईप करत बसायला नको, त्यासाठी प्रोजेक्टमध्येच एक साधन आहे, चॅनल्स एडिट नावाची कमांड. एनपीएम रन, मग चॅनल्स कोलन एडिट, मग तीन डॅश, मग तुमच्या चॅनल्स फाईलचा पाथ. (तीन डॅश ही टायपिंगची चूक नाही, रीडमी या सूचनांच्या फाईलमध्ये आहेत तसेच टाका.) ही कमांड आयडी नसलेला एकेक चॅनल तुमच्यासमोर धरते आणि डेटाबेसमधले जवळपासच्या नावाचे पर्याय दाखवते, बाणाच्या बटणांनी योग्य तो निवडायचा, एन्टर मारायचं, पुढचा चॅनल. यादीत नसेल तर स्वतः टाईप करायचा पर्याय आहे, आणि खात्री नसेल तर स्किप आहे. स्किप बिनधास्त वापरा.

पर्याय दाखवताना ते साधन फक्त नावाचं साम्य बघतं, त्याला बाकी काही कळत नाही, म्हणून इथेच डोकं ठेवून काम करायचं. साईटवर नुसतं 'कलर्स' लिहिलेलं असलं तर समोर कलर्स मराठी, कलर्स कन्नड, कलर्स गुजराती असे बरेच येतात आणि पहिला दिसला तो निवडायचा मोह होतो. अशा वेळी साईटच उघडा, त्या चॅनलचं आजचं वेळापत्रक वाचा. मालिकांची नावं वाचली की तुम्हाला दहा सेकंदांत कळतं हा कुठला चॅनल ते, परदेशातल्या माणसाला अर्धा तास गुगल करूनही खात्री होत नाही. जुनी नावंही लक्षात ठेवा, ईटीव्ही मराठीचं २०१५ मध्ये कलर्स मराठी झालं, स्टार माझाचं २०१२ मध्ये एबीपी माझा झालं, काही साईटच्या आतल्या आयडीत अजून जुनंच नाव दडलेलं असू शकतं, ते बघून गोंधळू नका.

भाषेच्या कोडबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या कारण इथे भलेभले अडखळतात. तो कोड चॅनलच्या भाषेचा नसतो, गाईडमधल्या मजकुराचा असतो. चॅनल मराठी आहे पण साईटवर मालिकेचं नाव रोमन लिपीत आणि कथेचा सारांश इंग्रजीत असेल तर तिथे इंग्रजीचाच कोड बरोबर आहे, तो बदलून मराठीचा करू नका. मजकूर खरोखरच मराठीत येत असेल तरच मराठीचा कोड. आणि एखाद्या साईटला दोन्ही भाषांत वेळापत्रक मिळत असेल तर मराठीतलं जोडून घ्या, आपली आई-आजी गाईड बघणार असेल तर तिला 'सकाळी ११ वाजता पुनःप्रक्षेपण' हे मराठीत वाचायला मिळालं पाहिजे, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

हाताने फाईल एडिट करताना अँड टीव्ही, अँड पिक्चर्स अशा चॅनलशी सांभाळून. त्यांच्या नावात जे अँडचं चिन्ह आहे ते एक्सएमएल फाईलमध्ये तसंच टाकलं की सगळी फाईल वाचता येईनाशी होते, त्याच्याऐवजी चिन्ह, त्याला चिकटून ए, एम, पी ही अक्षरं आणि शेवटी अर्धविराम असं लिहावं लागतं. फाईलमध्ये इतर ठिकाणी कसं लिहिलंय ते बघा आणि तसंच करा.

भरून झालं की दोन तपासण्या. चॅनल्स लिंट ही कमांड फाईलची मांडणी बरोबर आहे का बघते, चॅनल्स व्हॅलिडेट ही तुम्ही दिलेले आयडी डेटाबेसमध्ये खरंच आहेत का आणि एकच ओळ दोनदा तर आली नाही ना ते बघते. दोन्ही स्वच्छ निघाल्या की ग्रॅब कमांड चालवा, साईटचं नाव द्या, दिवस एक किंवा दोनच द्या, उगाच आठवडाभराचं ओढू नका. थोड्या वेळाने मुख्य फोल्डरमध्ये गाईड नावाची एक्सएमएल फाईल तयार होते, ती साध्या एडिटरमध्ये उघडा आणि तुमचा चॅनल शोधा. कार्यक्रम दिसले, वेळा जुळल्या, काम झालं.

चॅनलच डेटाबेसमध्ये नसेल तर? डेटाबेस ही त्याच ग्रुपची वेगळी रिपॉझिटरी आहे, तिथे नवा चॅनल सुचवायला गिटहबच्या इश्यूमध्ये (तक्रार-सूचना नोंदवायची जागा) तयार फॉर्म आहे, कोड शून्य. नाव, देश, भाषा, प्रकार, मालक, अधिकृत वेबसाईट, सुरू कधी झाला, बंद झाला असेल तर कधी आणि त्याच्याऐवजी काय आलं, असं सगळं त्यात भरता येतं. त्यातच पर्यायी नावांचा एक रकाना आहे आणि त्यात देवनागरीतलं नाव टाकता येतं. मराठी चॅनलच्या नोंदींमध्ये तो रकाना रिकामा दिसला तर भरा, दोन मिनिटांचं काम आहे. फक्त तारीख भरताना ऐकीव माहिती नको, चॅनलच्या स्वतःच्या साईटवर किंवा बातमीत दिसली तरच, नाहीतर रकाना रिकामा ठेवा. सह्याद्रीसारखी दूरदर्शनची चॅनल, गोव्यातली छोटी केबल चॅनल, या नोंदी नीट करायला तिथल्या माणसाइतकं योग्य कुणी नाही, कोकणी-मराठी दोन्ही भाषा असलेल्या चॅनलला दोन्ही भाषा लावायच्या हे बाहेरच्याला सुचणारही नाही.

आता थोडं कोडकडे, ज्यांना जावास्क्रिप्ट येतं त्यांच्यासाठी. ज्यांना येत नाही त्यांनीही हा भाग वाचला तर बरं, कारण चूक कुठे आहे ते ओळखून इश्यू लिहिता आला की निम्मं काम तुम्ही केलेलं असतं.

ग्रॅबरची कॉन्फिग फाईल दिसते त्यापेक्षा सोपी आहे. तिला दोन गोष्टी सांगायच्या असतात. एक, अमुक चॅनलचं अमुक तारखेचं वेळापत्रक कुठल्या पत्त्यावर मिळेल. दोन, तिथून जे काही येईल त्यातून कार्यक्रम कसे वेचायचे, हा भाग म्हणजे पार्सर. पार्सरने प्रत्येक कार्यक्रमाचं नाव, सुरू व्हायची वेळ आणि संपायची वेळ दिली की किमान गरज भागते, वर्णन, प्रकार, भाग क्रमांक, चित्र हे असलं तर चांगलंच.

पत्ता शोधायला ब्राउझरमध्ये ती साईट उघडा, डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब लावा, फेच किंवा एक्सएचआरचा फिल्टर दाबा आणि मग साईटवर तारीख बदला. ज्या क्षणी तक्ता बदलतो त्या क्षणी एक रिक्वेस्ट गेलेली दिसते, तिच्या रिस्पॉन्समध्ये, म्हणजे आलेल्या उत्तरात, जेसन (नीट रचलेला डेटा) असेल तर तुमचं नशीब चांगलं, सगळं सरळ मिळालं. नसेल तर पानाच्या एचटीएमएलमधून चिअरिओ ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरून वेचावं लागतं, तेही जमतं, फक्त साईटने डिझाईन बदललं की लगेच मोडतं, म्हणून जेसन मिळत असताना एचटीएमएलच्या वाटेला जाऊ नका. लॉगिन करूनच दिसणारा डेटा असेल तर तो सोडून द्या. आणि कृपा करून स्वतःच्या लॉगिनची कुकी किंवा टोकन कॉन्फिगमध्ये ठेवून कमिट करू नका, रिपॉझिटरी पब्लिक आहे, एकदा गेलेलं परत येत नाही.

खरा घोळ असतो वेळेचा, आणि भारताच्या बाबतीत तर तो जास्तच होतो कारण आपला टाईमझोन यूटीसीपेक्षा (जगाची प्रमाणवेळ) पुरता पाच किंवा सहा तास पुढे नाही, साडेपाच आहे. प्रोजेक्टमध्ये आतून सगळं यूटीसीत चालतं. संध्याकाळी साडेसातची मालिका म्हणजे यूटीसीत दुपारी २ वाजता, रात्री ८ ची म्हणजे अडीच वाजता. साईटने नुसतं 'साडेसात' असं दिलं आणि तुम्ही टाईमझोन सांगितलाच नाही तर ग्रॅबर ते यूटीसीतलं साडेसात समजतो, मग प्लेअर त्यात साडेपाच तास मिळवतो आणि मालिका रात्री १ वाजता दिसते. उलट साईट आधीच यूटीसीत वेळ देत असेल आणि तुम्ही तिला भारतीय वेळ समजून परत साडेपाच तास वजा केले तर साडेसातची मालिका दुपारी २ ला दिसते. म्हणजे गाईडमध्ये नुसतं बघूनही चूक कुठल्या बाजूची ते ओळखता येतं, रात्री १ ला दिसली तर टाईमझोन लावायचा राहिलाय, दुपारी २ ला दिसली तर दोनदा लागलाय. इश्यूमध्ये हे एवढं एक वाक्य लिहिलंत तरी दुरुस्त करणाऱ्याचे तासभर वाचतात. तपासायला ज्या कार्यक्रमाची वेळ घरात सगळ्यांना पाठ आहे असा एखादा धरा, सगळ्यात सोपं.

दुसरं मध्यरात्रीचं. बऱ्याच साईट दिवसाची यादी सकाळी ६ पासून दुसऱ्या सकाळी ६ पर्यंत देतात आणि तारीख एकच लिहितात. मग रात्री साडेअकरानंतर येणारा साडेबाराचा कार्यक्रम त्याच तारखेच्या साडेबाराला, म्हणजे एक दिवस मागे जाऊन पडतो. यावर प्रोजेक्टमधल्या बऱ्याच ग्रॅबरमध्ये एकच उपाय केलेला दिसेल, आत्ताच्या कार्यक्रमाची वेळ आधीच्या कार्यक्रमाच्या वेळेपेक्षा लहान निघाली तर एक दिवस वाढवायचा, आणि पुढच्या सगळ्यांसाठीही तारीख एक दिवस पुढे न्यायची. त्यातला दुसरा भाग विसरू नका, नाहीतर साडेबाराचा कार्यक्रम बरोबर येतो आणि १ वाजताचा परत मागे जातो.

तिसरं, संपायची वेळ. काही साईट फक्त सुरुवातीची वेळ देतात, आणि ग्रॅबर लिहिणारा सरळ त्यात तीस मिनिटं मिळवून मोकळा होतो. सोमवार ते शनिवार हे खपून जातं कारण मराठी मालिका अर्ध्या तासाच्याच असतात. रविवारी महाएपिसोड असला की उघडं पडतं, गाईडमध्ये अर्ध्या तासाचा भाग आणि मग दीड तास मोकळी जागा, रेकॉर्डिंग लावलेलं असेल तर ऐन रंगात आलेलं बंद. म्हणून संपायची वेळ नेहमी पुढच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीवरून काढायची, आणि पुढचा नसेल अशा अगदी शेवटच्या कार्यक्रमालाच तीस मिनिटांचा अंदाज द्यायचा.

सेकंद आणि मिलिसेकंद यांचंही बघा, साईटने वेळ नुसत्या आकड्यात दिली असेल तर दहा आकडी म्हणजे सेकंद आणि तेरा आकडी म्हणजे मिलिसेकंद, सेकंदांना मिलिसेकंद समजलात तर सगळे कार्यक्रम जानेवारी १९७० मध्ये जाऊन बसतात. हे लगेच लक्षात येतं म्हणून यात फार धोका नाही.

टेस्ट फाईल लिहायचा कंटाळा करू नका. तीन गोष्टी तपासायच्या असतात, पत्ता बरोबर तयार होतो का, साईटचा खरा रिस्पॉन्स दिला तर कार्यक्रम बरोबर निघतात का, आणि वेळापत्रक रिकामं आलं तर ग्रॅबर न कोसळता रिकामी यादी देतो का. खऱ्या रिस्पॉन्सची एक प्रत डेटाच्या फोल्डरमध्ये सेव्ह करून ठेवतात, म्हणजे टेस्टला दर वेळी साईटवर जावं लागत नाही. अपेक्षित वेळा यूटीसीत लिहायच्या, १५ तारखेला मध्यरात्री १२ चा भारतीय कार्यक्रम टेस्टमध्ये १४ तारखेच्या १८:३० ला असणार, तो तसाच बरोबर आहे.

मराठी मजकुराच्या टेस्टमध्ये एक अशी अडचण येते जी इतर बहुतेक भाषांवाल्यांना माहीत नसते. 'कऱ्हाड', 'साऱ्या', 'दुसऱ्या' यातला तो अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन वेगळ्या पद्धतींनी साठवता येतो, एकात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडाक्षरी चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण टेस्ट म्हणते जुळत नाही, आणि तुम्ही दोन्ही ओळी डोळे फाडून बघत बसता. अशा वेळी हाताने टाईप केलेलं नाव काढून टाका आणि साईटच्या रिस्पॉन्समधूनच कॉपी करून टेस्टमध्ये चिकटवा.

अगदी नवी साईट जोडायची असेल तर साईट्स इनिट अशी कमांड आहे, तिला साईटचं नाव दिलं की ती कोऱ्या फाईलींसकट फोल्डर बनवून देते. पण मी म्हणेन पहिलंच काम हे घेऊ नका. आधी एका साईटच्या चॅनल यादीत चार मराठी आयडी भरा, ते स्वीकारले जाऊ द्या, मग एखादा मोडलेला ग्रॅबर दुरुस्त करा, त्यात बाकीच्यांनी कसं लिहिलंय ते आपोआप कळतं. रिपॉझिटरीत साईट्सची एक यादीच ठेवलेली आहे, कुठली नीट चालतेय, कुठल्या साईटला अडचण आहे याच्या खुणांसकट, तिथून आपल्या उपयोगाची निवडा.

काम पाठवायची रीत सगळ्या गिटहबसारखीच. नवी ब्रँच (बदलांची वेगळी फांदी) काढा, कमिट करा (बदल नोंदवा), तुमच्या फोर्कवर पुश करा (म्हणजे गिटहबवर चढवा), पुल रिक्वेस्ट (बदल घ्या अशी विनंती) उघडा. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच साईट ठेवा, पाच साईटचे बदल एकत्र दिले तर बघणाऱ्याला पाचही तपासल्याशिवाय काही पुढे सरकवता येत नाही आणि एका चुकीमुळे पाचही अडकतात. शीर्षकात साईटचं नाव आणि काय केलं ते, आत दोन-तीन वाक्यं, आणि टेस्टचा निकाल चिकटवा. इंग्रजी साधंसुधं चालतं, तिथे जगभरातून लोक येतात आणि अनेकांची ती मातृभाषा नाही. आयडी का बदलला हे मात्र जरूर लिहा, 'या चॅनलवर मराठी बातम्या लागतात, ही त्याची अधिकृत साईट' एवढं पुरतं, कारण तपासणाऱ्याला मराठी वाचता येत नाही आणि त्याला तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा असतो. उत्तर यायला वेळ लागला तर दोन दिवसांनी परत परत टोकू नका, ही सगळी मंडळी आपापली नोकरी सांभाळून हे करतात. बदल सुचवला तर त्याच ब्रँचवर करून परत पुश करा, नवी पुल रिक्वेस्ट उघडू नका.

प्रोजेक्टचं लायसन्स अनलायसन्स आहे, म्हणजे तुम्ही दिलेला कोड कुणीही कसाही वापरू शकतो, तुमचं नाव कमिटच्या इतिहासात राहतं, एवढंच. हे पटत असेल तरच द्या. मला स्वतःला पटतं, गाईड ही सगळ्यांच्या उपयोगाची गोष्ट आहे, दुबईत किंवा न्यू जर्सीत बसून कुणी सह्याद्री लावत असेल तर त्याच्या प्लेअरला त्याच्या वेळेप्रमाणे कार्यक्रम दिसले पाहिजेत, आणि वेळ टाईमझोनसकट बरोबर भरलेली असली तर ते आपोआप होतं.

ग्रॅब चालवताना समोरच्या साईटचाही विचार करा. दोन रिक्वेस्टमध्ये थोडं अंतर ठेवायला डिले नावाचा पर्याय आहे, तो वापरा, एकाच वेळी किती कनेक्शन उघडायची तेही कमी ठेवता येतं. घाईघाईत शेकडो रिक्वेस्ट मारल्या की साईट तुमचा आयपी ब्लॉक करते, आणि वाईट म्हणजे कधी कधी सगळ्यांसाठीच दार लावून घेते, मग त्या साईटवर अवलंबून असलेले सगळे चॅनल कोरे. घरच्या वापरासाठी दिवसातून एकदा, शक्यतो पहाटे, दोन-तीन दिवसांचं गाईड ओढलं की भरपूर झालं.

तुमचे बदल प्रोजेक्टमध्ये मर्ज झाल्यावर, म्हणजे घेतले गेल्यावर, महिन्याभराने तुमच्या चॅनलचं गाईड परत एकदा काढून बघा. मालिका संपतात, वेळा बदलतात ते साईटवरून आपोआप येतं, पण साईट मधूनच चॅनलचे आतले आकडे बदलते आणि मग तुम्ही नीट जोडलेल्या मराठी चॅनलच्या नावाखाली भलत्याच भाषेतलं वेळापत्रक येऊ लागतं. ग्रॅबरला त्यात काहीच चूक दिसत नाही, टेस्टही पास होते, फक्त मराठी वाचणाऱ्यालाच ते कळतं. दिसलं की त्या साईटसाठी चॅनल्स पार्स ही कमांड चालवायची, ती साईटवरून चॅनलची ताजी यादी आणून फाईल नव्याने भरते, त्यातल्या बदललेल्या ओळी बघायच्या, आयडी परत लावायचे आणि पुल रिक्वेस्ट पाठवायची.